नऊ दिवसांची रजा

माझी आठवीतली नात ओटीवर वही पुढ्यात घेऊन रडत बसली होती. आठ गवंडी एक भिंत पंधरा दिवसांत बांधतात, तर वीस गवंडी किती दिवसांत? हिचं उत्तर साडेसदतीस. व्यस्त चलनाच्या याच धड्याने तिला चाचणीत आडवं केलं होतं आणि उद्या फेरचाचणी.

"आजी, माका गणित जमूचा नाय."

मला हसू फुटलं.

"हसतस कित्याक?"

"तुका नाय गो. मी माकाच हसतंय."

माझी फजिती झाली तेव्हा मीही आठवीतच होते. आमच्याकडे लावणीला बायका एकमेकींच्या शेतात राबायला जात. आदल्या वर्षी आमचं शेत बारा जणींनी सहा दिवसांत लावलं होतं, यंदा अठरा जणी येणार होत्या. मी तोंडी हिशेब केला: नऊ दिवस. घरात कुणाला विचारलं नाही, कारण वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मी, मला कोण शिकवणार? ऐटीत नऊ दिवसांच्या रजेचा अर्ज दिला.

शेत चौथ्या दिवशी संपलं. पाचव्या सकाळी आईने वेणी घालून शाळेत पिटाळलं. गुरुजींनी अर्ज अख्ख्या वर्गाला वाचून दाखवला आणि विचारलं, "उरलेले पाच दिवस कोणाचं शेत लावणार?"

नात डोळे पुसून हसायला लागली. "तुका येवढाय कळला नाय?"

"पहिल्या बाकावरून शेत दिसत नाय गो. आता सांग, बायका वाढल्यो म्हणान शेत वाढला?"

"नाय. तेवढाच रवला."

"बारा जणी, सहा दिवस. गुणून बघ. बहात्तर. ता आमचा शेत. अठरा जणींनी वाटून घेतला, चार दिवस."

तिने वही ओढून लिहिलं: आठ गुणिले पंधरा, एकशे वीस. भागिले वीस. सहा.

मी लगेच खोडी काढली. "तीन नारळांच्यो बारा वड्यो, तर पाच नारळांच्यो?" तिने पेन्सिल चावली. आता ही भागायला धावणार, असं मला वाटलं. मी असते तर धावलेच असते.

"ह्यात शेत खंय आसा, आजी? नारळ वाढले की वड्यो वाढतल्यो. वीस."

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरली ती सावकाश चालत आली. मी अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभी.

"एक गणित चुकला," ती म्हणाली.

"खंयचा?"

"नळाचा. गुणाकारात. पण पास झालंय." दप्तर माझ्या हातात देत म्हणाली, "नऊ दिवसांची रजा मागूची पाळी इली नाय."