माणिकच्या लॅपटॉपातलं गाव

माणिक गेल्याचा फोन आला, तेव्हा त्याचा लॅपटॉप माझ्यासमोरच उघडा होता. नांदेडला इतवाऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. थोड्याच दिवसांपूर्वी तो लातूरहून बसनं येऊन ते जुनं धूड माझ्या टेबलावर ठेवून गेला होता. "काका, बाबा गेले... सकाळी चहा घेता घेता," एवढंच त्याची मुलगी शुभा बोलू शकली. काय करावं ते न सुचून मी लॅपटॉपचं झाकण मिटलं, मग पुन्हा उघडलं. त्याचं काम अर्धवट ठेवलेलं त्यानं कधी चालवून घेतलं नव्हतं.

कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. तो मला गणित शिकवायचा आणि वर शिव्याही घालायचा. पुढे तो लातूरला कोचिंग क्लासात गणिताचा सर झाला. किनवट, बिलोली, शिरूर अनंतपाळ, कुठकुठली पोरं त्याच्यापुढे येऊन बसायची. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या चढल्या आणि माणिकसरांना स्कूटरवरून उतरायला फुरसत मिळेना. त्याच दिवसांत त्यानं हा लॅपटॉप घेतला, तोही सेकंडहँड. प्रश्नपत्रिका टाइप करायला म्हणून घेतला असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं कारण मला फार उशिरा कळलं.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्याचं औशाकडचं गाव गेलं होतं. वडील गेले, धाकटी बहीण गेली. आई डोळ्यांच्या औषधपाण्यासाठी त्याच्याकडे आलेली, म्हणून वाचली. तिला मीही मायच म्हणतो. गाव पुढे दुसऱ्या जागी वसलं, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं; मायला ते कधी आपलं वाटलंच नाही. "मरायच्या आधी आपली गल्ली एकडाव दाव रं," असं ती त्याच्यामागे लागायची. म्हणून हा पठ्ठ्या सुट्टीच्या दिवशी गावची म्हातारी माणसं गाठायचा आणि विचारून विचारून जुन्या गावाचा नकाशा लॅपटॉपवर काढायचा. घर, ओटा, गोठा, आड, सगळं मापात. बाभळ आडाच्या अलीकडे होती की पलीकडे, यावरून त्यानं सख्ख्या चुलत्याशी अबोला धरला होता. मायची नजर अधू, पण पडद्यावर एकेक घर मोठं करून दाखवता आलं असतं. मात्र पुरा झाल्याशिवाय दाखवायचा नाही, हा त्याचा हट्ट. नकाशा पुरा होत आला आणि लॅपटॉपनं मान टाकली.

उपाय तसा सोपा होता. यंत्र आतून सुरू होत नसेल तर सीडीवरून सुरू करायचं आणि मग आतलं बिघडलेलं नीट करायचं. त्यासाठी 'आधी सीडी बघ' असं यंत्राला एकदा सांगून ठेवावं लागतं. ते मी फोनवरून त्याच्याकडून करून घ्यायचो. तेवढ्यात त्याची क्लासची वेळ व्हायची; सीडी उद्या लावतो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन: "सलीम, तू सांगितलेलं हे पार इसरून बसलं. लई इसरभोळं हाय!" रोज तेच.

शेवटी मी लातूरला गेलो आणि डोक्याला हात लावला. काम झालं की माणिक लॅपटॉपची वायर काढायचा आणि घराची कागदपत्रं, टॉर्च, मायच्या गोळ्या असलेल्या पिशवीत तो ठेवून द्यायचा. भूकंपानंतर त्या भागात घरोघरी अशी पिशवी तयार असायची, हादरा बसला की उचलून पळायला. हळूहळू लोकांच्या पिशव्या माळ्यावर गेल्या. माणिकची हाताशीच राहिली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली आणि सांगितलेलं लक्षात ठेवणारा आतला छोटा सेलही संपलेला, त्यामुळे वायर निघाली की ते बिचारं सगळं विसरायचं.

"अरे बाबा, वायर काढू नको की!" मी ओरडलो.

"आन हादरा बसला तर? वायर सोडवीत बसू?"

तिथं लॅपटॉप खोलायलाही तो देईना. नांदेडला घेऊन ये, एवढं मात्र त्यानं बऱ्याच विनवण्यांनंतर ऐकलं.

शुभाचा फोन आल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्या यंत्रापुढे बसलो. वायर लावलेलीच ठेवली. सीडी वाचणारी काच स्पिरिटनं पुसली. मी घरी कॉपी केलेली सीडी यंत्राला चालेना, म्हणून बाजारभर हिंडून कंपनीची जुनी सीडी मिळवली. ती आत घातली, घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली आणि पडदा उजळला. आतलं बिघडलेलं नीट केलं, तर नकाशा जसाच्या तसा होता. मला रडू आवरलं नाही. हे सांगायला फोन करावा तर ज्याला करायचा तोच नव्हता.

तेराव्याला मी लॅपटॉप घेऊनच लातूरला गेलो. शुभानं मायला माझ्याशेजारी आणून बसवलं. मी तिचं बोट धरून पडद्यावरच्या गल्लीतून फिरवू लागलो. हा आड, हा पार, हे सुताराचं घर. "हाव, हाव," करत ती पुढे सरकत होती. आपल्या घराशी थांबली.

"दार कसं दावलंय?"

दार कुठल्या बाजूला उघडतं ते कळावं म्हणून नकाशात तिथं छोटी कमान काढतात. ती बघून मी म्हटलं, "गल्लीकडं उघडतंय, माय."

"न्हाई रं. आपलं दार आत उघडायचं. दारामागं दगडमाती पडली आन दार हाललंच न्हाई... बाप-लेक दोघं बी दारापाशीच घावले."

बाभळीसाठी भांडणारा माणिक इथं चुकेल, हे मला पटेना. मी शेजारचं घर मोठं केलं. मग समोरचं. मग वरची आळी. "माय, गावातली सगळीच दारं आत उघडायची का?"

"समदी."

नकाशात एकूण एक दार बाहेर उघडत होतं. मी तिला तसं सांगितलं. चाचपत तिनं सबंध पडद्यावर हात पसरला.

"म्हंजी समद्यायला भाईर काढलं की माझ्या लेकरानं," ती म्हणाली.