तामेतची खारी बोईटं

खमुनू गावाचा धनी म्हणजे नदीकाठचं लव्हाळं. वारा येईल तिकडे वाकायचा. आधी दक्षिणेच्या नुबी राजाच्या पाया पडला, मग उत्तरेच्या धन्याने डोळे वटारले तसा त्याला जाऊन मिळाला. नुबी राजाने चिडून गावाला वेढा घातला. अखेर धन्याने आपला मुकुट राजाच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतःची मान सोडवून घेतली. तटावर लढायला लावलेली पोरं मात्र कैद झाली. त्यांत कोळीण तामेतचा एकुलता एक जेहोही होता.

कैद्यांना होड्यांत घालून दक्षिणेला नेणार होते. ज्याची आई वाड्यात येऊन राजापुढे हमी देईल, तेवढाच सुटणार होता.

"रिकाम्या हाती जाऊ नकोस गं," शेजारची रुरू म्हणाली. "राजेच ते. भरल्या पोटालाच भूक जास्त."

तामेतकडे होतं काय? चुलीमागे पुरलेल्या मडक्यातली खारी बोईटं, मिठात मुरवलेली मासळी. वेढ्यात लोकांनी जोड्यांची चामडी उकळून खाल्ली, पण ही जेहोच्या आवडीची म्हणून तिने काटासुद्धा चाटला नव्हता. ती कमळाच्या पानात बांधून निघाली.

दारावरचा नुबी शिपाई नाक दाबून मागे सरला.

"काय आणलंस, म्हातारे?"

"बोईटं, बाबा. अंड्यांच्या गाभोळीसकट आहेत. राजाला सांग, असली दुसरीकडे मिळायची नाहीत."

"मासेखाऊ माणसाचा आमच्या राजाला विटाळ होतो. तुमचे मोठमोठे धनी त्यापायी उंबऱ्याबाहेर ताटकळलेत. तू कोण लागून गेलीस?"

"अरे, मी नाही खाल्ले! पोरासाठी राखलेत."

"मग हात हुंग की तुझे."

तिने हुंगले. जन्मभर मासे चिरलेले हात ते, काय सांगणार?

बोईटं तिथेच टाकून ती नदीवर धावली. खारमाती न् वाळूने हात घासघास घासले, रक्त येईस्तोवर. तेवढ्यात उत्तरेचा वारा सुटला, आणि धक्क्यावरच्या होड्यांनी शिडं उभारली.

"आये!" होडीतून जेहो ओरडला. "वाड्यात का नाही आलीस गं?"

तिने सोललेले हात वर करून दाखवले. त्याला वाटलं, आई निरोप देतेय. त्यानेही हात हलवला.

संध्याकाळी रुरूने तिच्या हातांना तेल लावलं. लावता लावता हुंगून पाहिलं.

"आता नाही हो येत वास," ती म्हणाली.