नाइटमेअरमधली घोडी

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मी साताऱ्याहून मिरजेला नर्सिंग शिकायला आले होते, वय एकोणीस. दवाखान्याचा नियम असा, की बायकांच्या वॉर्डातली प्रत्येक तक्रार वहीत इंग्रजीतून लिहायची. शब्द अडला की मेट्रनबाईंना विचारायचं. त्या विलायतेच्या, पण इथं वीस वर्षं काढलेल्या. मराठी पुस्तकी बोलत, पण चुकत नसत.

खिडकीलगतच्या खाटेवर वडूजकडची एक बाई होती. पोटाचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला, जखम भरत आलेली. नवरा पलटणीत, घरची शेती तीच बघायची. उगाच घाबरणारी नव्हती. एका दुपारी जेवणं उरकून वॉर्ड निजला होता. मी जवळून जाताना तिनं माझा हात धरला. तिचा तळवा गार घामानं भिजला होता.

"बाई, कोनतरी छातीवर बसतंय. डोळं उघडं असत्यात माजं, समदं दिसतंय. पर हात हलत न्हाई, आवाज निघत न्हाई."

"कधीपासून?"

"चार दिस झालं. दुपारचंच येतंय."

नाडी ठीक, ताप नाही. वहीत काय लिहावं कळेना. मेट्रनबाईंनी ऐकून घेतलं आणि एकच शब्द सांगितला, नाइटमेअर.

"पण हे दुपारी होतंय," मी म्हटलं.

"तरीही शब्द तोच."

नाइट म्हणजे रात्र, मेअर म्हणजे घोडी, हे शाळेपासून पाठ. मला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना तिला म्हटलं, "अहो, तुमच्या त्या त्रासाला इंग्रजीत रातघोडी म्हणतात."

ती हसली नाही. "घोडी न्हवं. बाई हाय ती. उकिडवी बसती, गुडघ्यावर हात ठिवून. अन् माज्या तोंडाकडं बगत ऱ्हाती."

मेट्रनबाईंच्या खोलीत एक जाडजूड शब्दकोश होता. शब्द कुठून आला तेही त्यात दिलेलं असे. संध्याकाळी मी तो उघडला. या शब्दातली मेअर घोडी नव्हेच, असं तिथं लिहिलं होतं. तो निराळा, फार जुना शब्द. निजलेल्या माणसाच्या छातीवर बसून श्वास कोंडणारी बाई, हा त्याचा अर्थ. वडूजच्या बाईला अक्षरओळखसुद्धा नव्हती.

"सापडला का अर्थ?" मेट्रनबाई मागं उभ्या होत्या.

"ती बाई हेच सांगते आहे."

त्यांनी कोश मिटून जागेवर ठेवला. "माझ्या आजीच्या गावी ती येत असे. लोक खाटेवर भोक पडलेला दगड टांगत."

"मग जायची?"

"कधी कधी," त्या म्हणाल्या आणि खोलीचा दिवा लावला.

सकाळी त्या बाईनं उशाशी विळा मागितला. दवाखान्यात विळा कुठला? मी पट्टी कापायची कात्री तिच्या गादीखाली सरकवली. त्यानंतर तिला तसं काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात तिचा दीर बैलगाडी घेऊन आला आणि ती घरी गेली. कात्री मी काढून घेतली.

त्याच खाटेवर कानडी मुलखातली एक म्हातारी आली. तिला कानडीशिवाय काही येत नव्हतं. तिसऱ्या दुपारी ती धडपडत खाली उतरली आणि आमच्या आयाला काहीतरी सांगू लागली. सांगता सांगता ती फरशीवर उकिडवी बसली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि मान वाकवून खाली टक लावून पाहू लागली.

आया कानडी जाणत होती. ती माझ्याकडे वळली, पण मी म्हटलं, "नको सांगूस. कळलं मला."

आम्ही दोघींनी ती खाट उचलून मागच्या व्हरांड्यात नेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी केली. म्हातारीला दुसरी खाट दिली. वहीत मी काही लिहिलं नाही. संध्याकाळच्या फेरीला मेट्रनबाई खिडकीशी आल्या, रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.