शाहिदने निवडलेला ॲम्प

कारंज्याच्या उमेराचं काम ऐकण्याचं. पुण्याची एक संस्था खेड्यापाड्यातल्या बायांच्या मुलाखती रेकॉर्ड करते. त्यातली वऱ्हाडी तिथे कोणाला धड कळत नाही, म्हणून फाइली उमेराकडे येतात. ती ऐकते आणि टाइप करते. दिवसा तिची चार वर्षांची दुआ घरभर हुंदडत असते, तेव्हा साधे इअरफोन, तेही एकाच कानात. रेकॉर्डिंग अवघड असलं की पोरीला सासूजवळ, जैतुनबींजवळ देऊन ती मोठे हेडफोन चढवते. ते तिच्या भावाने, अमानने, पुण्याहून पाठवलेले. चांगले जड, कान पूर्ण झाकणारे. पण फोनला जोडले की आवाज शेवटपर्यंत वाढवूनही बाई विहिरीच्या तळातून बोलते आहे असं वाटायचं.

अशातच इंझोरीची एक फाइल, अर्थ लागत नाही म्हणून, परत आली. उमेराने टाइप केलं होतं, 'माझ्या दोन बकऱ्या मेल्या.' बाई म्हणाली होती, 'नेल्या.' दिराने नेल्या होत्या. पुढचा अर्धा तास ती दिराला शिव्या का देते आहे, हे टाइप करताना उमेरालाही उमगलं नव्हतं.

तिने अमानला फोन लावला.

"त्या हेडफोनले फोनचा जोर पुरत नाही, आपा," अमान म्हणाला. "आवाजाले जोर द्याले मधात लावाचा, खिशात मावणारा ॲम्प भेटते. पण तू त्यालेच इअरफोन बी लावशीन, तर पाहून घे, कारण इअरफोनले जास्त जोर..."

एवढ्यात तिच्या नवऱ्याने, शाहिदने, हातातून फोन घेतला. शाहिदचं बसस्टँडजवळ पंपाच्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा बांधून द्यायचं, रिवाइंडिंगचं दुकान आहे. "मी दिवसभर मोटारीच बांधतो बाबा," तो अमानला म्हणाला. "हे माझ्यावर सोड."

अमानचं वाक्य अर्धंच राहिलं. त्या दिवसापासून जेवताना शाहिदच्या फोनवर ॲम्पचे व्हिडिओ सुरू झाले. हा घ्यावा तर त्याची बॅटरी लहान, तो घ्यावा तर त्याचा डबा पत्र्याचा नाही. रमजान गेला, ईद गेली. उमेरा विहिरीच्या तळातल्या बाया टाइप करत राहिली. ती विचारायची, "झालं का ठरवून?" तो म्हणायचा, "घाई कायले करून राह्यली?"

शेवटी त्याने अकोल्याहून ॲम्प आणला. वीट म्हणावी असा. मोठ्या हेडफोनात बाई खरंच समोर येऊन बसली. शाहिदने मान ताठ केली. "पाहा. पाच एचपी अन् एक एचपीत हाच फरक असते."

दिवसाही बाई तशीच जवळ ऐकू यावी म्हणून दुसऱ्या दिवशी उमेराने त्याच ॲम्पला इअरफोन जोडले आणि कानात सूं असा आवाज सुरू झाला. गॅस सुरू आहे आणि पेटवला नाही, तसा. त्या आवाजाखाली बाईचं हळू बोलणं बुडून जाई. बटण केसभर फिरवलं तर कानठळ्या.

"रेकॉर्डिंगच खराब असन," शाहिद म्हणाला.

"रेकॉर्डिंग बंद आहे. काहीच लावलं नाही म्या. ऐका."

त्याने ऐकलं. "नवीन आहे. चालता चालता आवाज बसून जाईन."

"ही काय मोटार आहे का बसून जायले?"

"पण जोर पाहा ना त्याचा."

"मले जोर नाही पायजे. मले नेल्या का मेल्या, ते ऐकू याले पायजे."

जैतुनबी भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "बेटा, तू याले काहून विचारून राह्यली? त्यानं घरचा पंखा बी दोनदा उलटा फिरवला."

उमेराने ॲम्प पिशवीत घातला, दुआला जैतुनबींकडे सोडलं आणि सकाळच्या बसने अकोला गाठलं. दुकानदाराने बदलून द्यायची तयारी दाखवली, पण प्रत्येक ॲम्प जोडला की तो ढोलताशाचं गाणं लावी. उमेरा म्हणे, "आधी काहीच लावू नका. निस्ता चालू करा." तो नाइलाजाने गाणं बंद करी. मग ती आपल्या फोनवरची इंझोरीची बाई लावी, आधी इअरफोनात, मग मोठ्यात. एक ॲम्प इअरफोनात अगदी शांत, पण मोठ्यात दुबळा. दुसरा शाहिदच्या विटेचा भाऊ. तिसऱ्याला बाजूला एक खटका होता. खाली केला की इअरफोनात सूं नाही, वर केला की मोठ्या हेडफोनात बाई स्वच्छ. विटेइतकी जवळ नाही, पण 'नेल्या'मधला 'ने' ऐकू येत होता. तिने तोच घेतला.

घरी शाहिदने तो हातात तोलला. "यात दम नाही."

"नसू द्या."

पुढे तिच्या फाइली परत येणं थांबलं. उमेराला वाटलं, संपलं एकदाचं. पण शाहिदने दुकानात बसून गावभर ॲम्पचे सल्ले द्यायला सुरुवात केली होती. परवा त्याचा दोस्त दौलतसिंग, शेलूबाजारला जीप चालवतो तो, दारात येऊन उभा राहिला.

"भाभी, शाहिदभाई म्हणे तुमचा ॲम्प पाहून ये. मले बी घ्याचा आहे."

"कायले लावणार? इअरफोनले का मोठ्या हेडफोनले?"

दौलतसिंगने विचार केला. "ते अजून घेतले नाही. भाई म्हणे, आधी जोराचा ॲम्प घेऊन टाक."

उमेराने कपाळाला हात लावला, मग त्याला बसायला खुर्ची दिली आणि आतून दोन्ही आणले, इअरफोनही आणि हेडफोनही.