रतीबाचा होकार

माझ्या थोरल्या बहिणीला, फौकियाला, दुभंगलेल्या टाळूची मुलगी झाली, तेव्हा आमच्या केना गावातल्या निम्म्या बायका रतीबाला बघून गेल्या आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्याकडून ऐकून हळहळल्या. कुणाची तरी नजर लागली, एवढाच सगळ्यांच्या निदानाचा आवाका. दीड वर्षाची असताना टाळू शिवली. आता पोर बोलेल, म्हणून आम्ही शरबत वाटलं.

पण बोलताना हवा नाकातून निसटायची आणि निम्मे शब्द नाकातच विरायचे. कानांकडे तर कुणी बघितलंच नाही. अशा मुलांच्या कानाच्या पडद्याआड पाणी साचतं, हे आम्हाला कुठं ठाऊक? हाक मारली तरी वळायची नाही, आम्ही म्हणायचो, हट्टी आहे. मी स्वतः तिला त्यासाठी मारलंय, आणि ते आजही माझ्या मनातून जात नाही. कान वाहायला लागले तेव्हा लसणाचं कोमट तेल घातलं. शाळेत जाईपर्यंत डावा कान गेला, उजवा अर्धा राहिला.

घरात फौकियाच तिची जीभ झाली. रतीबानं काहीतरी म्हणायचं आणि आईनं जगाला त्याचा अर्थ सांगायचा. सतराव्या वर्षी मी तिला असियूतला उच्चार शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. बाई नाकाखाली थंड आरसा धरायच्या. आरशावर वाफ आली की समजायचं, हवा चुकीच्या वाटेनं गेली. दोन वर्षं रतीबा त्या आरशाशी भांडली. आज ती आमच्या गावच्या दवाखान्यात तसाच आरसा घेऊन मुलांना शिकवायला बसते. नवं मूल आलं की आधी कानाच्या डॉक्टरकडे पिटाळते. म्हणते, "ऐकूच येत नसेल तर मी काय भिंतीला शिकवू?" मन लावून ऐकलं तर तिचं बोलणं कळतं. फक्त घाबरली की सगळं पुन्हा नाकात जातं.

ती सव्वीस वर्षांची असताना तिच्या काकानं, बखीतनं, तिचं लग्न ठरवलं. बाप नव्हता, त्यामुळे सूत्रं काकाकडे. नवरा पिठाच्या गिरणीवाला विधुर. तिचं दवाखान्यात जाणं बंद, ही त्याची पहिली अट. वर म्हणाला, "बायको कमी बोलणारी असली की घर थंड राहतं." फौकियानं मान डोलावली. मला म्हणाली, "वगीदा, मी मेल्यावर हिचं बोलणं कोण समजून घेणार गं?" रतीबा घरात वीसदा नाही म्हणाली. बखीतचं उत्तर एकच, "मला नाही बाबा तिचं काही कळत."

आमच्याकडे निकाहाच्या वेळी लग्न नोंदवणारा माझून बाहेर पुरुषांत वही उघडून बसतो. साक्षीदार बायकांच्या खोलीच्या दाराशी येऊन विचारतात, तुझ्या वतीनं बोलायचा अधिकार काकाला देतेस ना? मुलगी लाजून गप्प राहते. मौन म्हणजे होकार. बखीतची सगळी भिस्त त्यावरच होती. रतीबाचं मौन तर त्याला फुकटच मिळणार होतं.

त्या दिवशी सकाळी मी तिला बजावलं, "लांब वाक्य बोलू नकोस. तुझा सूर फाटेल. नुसतं नाही म्हण. त्या शब्दाला तोंडात हवा कोंडावी लागत नाही."

"आणि प्रश्न ऐकूच आला नाही तर, खाला?" तिनं विचारलं.

मी तिला दाराजवळ सरकवलं. ती उजवा कान दाराकडे करून बसली. बायकांनी ढोलकं धरलं होतं, थांबवायला सांगितलं तर आणखी जोरात वाजवू लागल्या. दारामागून साक्षीदाराचा, शेख दर्दीरचा, म्हातारा आवाज आला. मला ऐकू आला. तिला नाही. ती तशीच बसून राहिली आणि बायकांनी आनंदाची आरोळी ठोकायला तोंडं उघडली. मी तिला गदागदा हलवलं.

ती उठली आणि कडी काढून दार सताड उघडून उभी राहिली.

"पुन्हा विचारा. माझ्याकडे बघून."

भीतीनं सगळं नाकात गेलं होतं, पण हातवाऱ्यांवरून शेखला उमगलं. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं त्याच्या ओठांवरची नजर हलवली नाही.

"नाही," ती म्हणाली. मग आणखी दोनदा म्हणाली.

बखीत शेखच्या मागेच उभा होता. तो हसला. "लाजलीय हो. हिची नेहमीची गुणगुण आहे ही. हो म्हणतेय."

शेख गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी तोंड उघडणार, तोच बखीत म्हणाला, "हिला विचारू नका, हिनंच तर फूस लावलीय. पोरीच्या आईला विचारा. जन्मभर तीच सांगत आलीय ना, पोर काय म्हणते ते?"

ढोलकं थांबलं. फौकिया शरबताचं तबक धरून उभी होती. हे लग्न तिलाही हवं होतं. तिनं नुसतं हो म्हटलं असतं तर गावात कुणी शंका घेतली नसती, आणि हे तिथं प्रत्येकाला कळत होतं. रतीबा आता आईच्या ओठांकडे बघत होती.

फौकियानं तबक खाली ठेवलं.

"शेख, ती नाही म्हणाली. तीनदा म्हणाली." मग ती दिराकडे वळली. "दोष तिच्या कानांत आहे, बखीत. तुझे तर धड आहेत."

शेख दर्दीर अंगणात गेला आणि माझूनला म्हणाला, वही मिटा.