पार्किंगजवळचा किल्ला

"तो चिखल आजच उचलायला सांगते," आमच्या अपार्टमेंटची मॅनेजर फोनवर कुणाला तरी सांगत निघून गेली. तो चिखल म्हणजे मी पार्किंगजवळ केलेला दिवाळीचा किल्ला. अमेरिकेत, शॉमबर्गमधली माझी ती पहिलीच दिवाळी. माखलेले हात मागे घेऊन मी किल्ल्याजवळच उभी राहिले.

रोज कुत्रा फिरवणारे आयरिश आजोबा तिथे थांबले. आमची ओळख फक्त मान हलवण्यापुरती. गुडघा टेकून त्यांनी अंगठ्याने माझा बुरूज दाबून पाहिला. आयर्लंडमधल्या सातआठशे वर्षं जुन्या, संरक्षित नॉर्मन किल्ल्याची डागडुजी त्यांनी तीस वर्षं केली होती, म्हणाले.

"बुरूज पक्का आहे. दार मात्र फार रुंद. शत्रू मोटार घेऊनच आत येईल."

मला हसू आलं. "मॅनेजर हा आजच काढून टाकणार आहे. तिला तुम्ही सांगा ना, राहू दे म्हणून."

"किल्ला तुझा. आमच्याकडे लोक भिंतीचे दगड न्यायला यायचे, तेव्हा मी नुसता त्यांच्या वाटेत आडवा उभा राहायचो."

थोड्या वेळाने मॅनेजर फावडेवाल्याला घेऊन आली आणि तशीच परत गेली. कारण किल्ल्यापुढे उभी राहून मी चक्क ओरडले होते, "दिवाळी संपेपर्यंत याला कुणीही हात लावायचा नाही!"