अक्काच्या मापाचा ब्रेस

आमच्या घरात पळणारी एकच होती, माझी अक्का. आमचे पूर्वज घोड्यांवरून म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांत मात्र सगळे खुर्चीत बसून काम करणारे निघाले. अक्का खो-खो खेळायची. संध्याकाळी जयलक्ष्मीपुरमच्या मैदानावर तिचा सराव चाले आणि तिच्याहून बराच लहान असलेला मी कट्ट्यावर बसून बघत राही. खांब एका हाताने धरून ती अंग असं काही झोकून द्यायची, की पाठलाग करणाऱ्या मुलीचा हात हवेतच राहायचा. तसं पळणं मी नंतर कुणाचं पाहिलं नाही.

एका सामन्यात खांबाजवळ वळताना तिचा उजवा पाय आत मुडपला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट फाटला. तो भरून आला, पण सैलच राहिला. मग साध्या रस्त्यावर चालतानाही पाय दगा देऊ लागला. डॉक्टरांनी घोट्याला बांधायचा कडक प्लास्टिकचा ब्रेस दिला. तो घालून ती मैदानात उतरली, जराशी पळाली आणि येऊन माझ्याशेजारी बसली.

"मुडपत नाही," ती म्हणाली. "पण वाकतही नाही रे. टाच उचलायला गेलं की अख्खा पाय लाकडासारखा वर येतो." मग कानडीत म्हणाली, "साकु. पुरे झालं आता."

ती पुन्हा खेळली नाही. लग्न झालं आणि एका थंड, लांबच्या देशात गेली. फोनवर हवापाण्याचं, मुलांचं बोलायची. खो-खोचा विषय निघाला की म्हणायची, "ते सोड, आईला दे फोन."

मी इंजिनियर झालो आणि फिरून फिरून घोट्यापाशीच आलो. बोगादीत ब्रेस बनवणाऱ्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी काम करतो. मला हवा होता तो ब्रेस सांगायला सोपा होता: पाऊल वर-खाली मोकळं हलावं, पण आत मुडपू नये. मी घोट्याच्या दोन्ही बाजूंना बिजागऱ्या लावल्या. बन्नूरच्या खो-खो संघातल्या मुलींनी ते ब्रेस वापरून बघितले आणि परत आणून दिले. नडगीवर घासतो, पळताना खाली सरकतो, अशा तक्रारी होत्या.

बरेच महिने मी पट्टे बदलत होतो, अस्तर बदलत होतो. एका दुपारी टेबलापाशी बसून मी माझेच घोटे चाचपत होतो. बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली आहे, आणि किंचित मागेही. पुस्तकात हे केव्हाच वाचलं होतं. बोटांना त्या दिवशी कळलं. सांधा तिरक्या रेषेवर फिरत होता आणि मी बिजागऱ्या समोरासमोर, एका उंचीवर ठोकल्या होत्या. ब्रेस आणि पाऊल दोन्ही वेगवेगळ्या दिशांना ओढत होती. मी बिजागऱ्या हाडांप्रमाणे खालीवर केल्या. बाहेरून एक पट्टा असा घेतला की पाऊल आत वळू लागलं की तोच ताणला जाईल. या वेळी बन्नूरच्या मुलींनी ब्रेस परत आणले नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात अक्का आली. केस पिकले होते, चालताना उजवा पाय अजूनही जपून टाकत होती. मी तिला वर्कशॉपमध्ये नेलं आणि म्हणालो, "पायाचं माप देतेस?"

"अय्यो, आता कशाला? कुठे पळायचंय मला?"

"तरी दे."

तिने पाय पुढे केला. मी तिच्या घोट्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळू लागलो. त्या गार लागून ती हसली. साचा वाळेपर्यंत तिचं पाऊल माझ्या मांडीवर होतं. इतकी वर्षं मी अनोळखी पावलं हातात घेत आलो, आणि प्रत्येक वेळी हेच पाऊल डोळ्यासमोर असायचं. हे तिला सांगावंसं वाटलं. मी साच्यावरून हात फिरवत राहिलो.

ब्रेस तयार झाला तेव्हा एका सकाळी आम्ही मैदानावर गेलो. मुलींचा सराव सुरू व्हायचा होता. अक्काने साडी खोचली, बूट घट्ट केले. आधी चालली, मग हळूहळू पळू लागली. खांबापाशी पोचली, हात टाकला आणि वळली. पाऊल वाकलं, टाच उचलली गेली, घोटा आत मुडपला नाही. मी श्वास रोखून पुढच्या झेपेची वाट बघत होतो. पण ती खांबाला धरून थांबली होती. छाती धपापत होती.

मी धावत गेलो. "दुखलं का?"

"नाही रे. पाय अगदी बरोबर चालला." तिने डोळे पुसले. "हा तेव्हा हवा होता."

"हो," मी म्हणालो.

"स्वल्प थांब, दम घेऊ दे," म्हणत तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मुली येईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

ती ब्रेस घेऊन गेली. हिवाळ्यात तिचा फोन आला. बर्फावरून चालायची भीती गेली म्हणाली. सकाळी एकटी दुकानापर्यंत जाऊन येते. तिच्या मागून नातवाचा आवाज येत होता. तो विचारत होता की आजी खरंच पळायची का. अक्का त्याला खांबाला वळसा कसा घालायचा ते सांगू लागली, फोन हातातच ठेवून. ती सांगत राहिली आणि मी इथे बोगादीत ऐकत राहिलो.